हरवलेल्या नवऱ्याची शोधसेवा : एका ग्राहकाचा अभिप्राय

तारे देताना माझा हात आखडता असतो. आमच्या डोंबिवलीतल्या एका नावाजलेल्या वडेवाल्याला मी तीनच दिलेत, चटणी पातळ होती म्हणून. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते कौतुकाच्या भरात लिहिलंय असं कुणी समजू नये. आणखी एक सांगून ठेवते. मी बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली, त्यातली शेवटची एकवीस तक्रार कक्षात, फोनवर. (आता त्याला महावितरण म्हणतात, माझ्या तोंडी मंडळच आहे.) फोन कसा घ्यावा आणि कसा घेऊ नये, यावर मला ठाम मतं आहेत.

तर प्रसंग असा. गेल्या पितृपक्षातला शेवटचा शनिवार. आमचे हे आणि त्यांचे तीन मित्र (कुलकर्णी, शिंदे आणि पाटणकर), सगळे साठीच्या आसपासचे, पहाटेच्या कर्जत लोकलने निघाले. कर्जतहून टमटम करून खांडस, तिथून गणेश घाटाने वर भीमाशंकर, दर्शन घेऊन त्याच वाटेने खाली. संध्याकाळी साडेपाचला खांडस, सातला मला फोन. सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात कशाला मरायला जाताय?" त्यावर हे हसले. ते हसणं मी लक्षात ठेवलंय.

चढून गेले ते व्यवस्थित. साडेअकराला वरून फोटो आला, चौघेही घामाघूम, मागे नुसतं धुकं. पण देवळात शनिवारची रांग. तीन तास रांगेत गेले. उतरायला लागेपर्यंत सव्वातीन वाजले होते. ज्यांनी तो घाट पाहिलाय ते इथेच कपाळाला हात लावतील. वरच्या जंगलात पावसाळ्याच्या शेवटी चार वाजताच अंधारून येतं, शेवाळावर पाय ठरत नाही, आणि अमावास्या दोन दिवसांवर म्हणजे चंद्राचीही आशा नाही. चौघांत मिळून टॉर्च एक. त्यातले सेल दिवाळीच्या आकाशकंदिलातून काढलेले, हे मला नंतर कळलं.

सातला फोन आला नाही. सव्वासातला आला. "आम्ही जरा..." इतकंच ऐकू आलं आणि कट.

इथे माझी चूक सांगते, कारण दुसऱ्यांच्या सांगायच्या तर आधी स्वतःची सांगावी. मी त्यानंतर पाऊण तास काहीच केलं नाही. येतील, रेंज नसेल, शनिवारी रात्री कुणाला कशाला त्रास द्या. तक्रार कक्षात रात्री दीडला बायका फोन करायच्या, "साहेब, खांबावर ठिणग्या उडताहेत, दहा वाजल्यापासून उडताहेत, पण म्हटलं तुम्हाला त्रास कशाला." मी त्यांच्यावर डाफरायचे. आणि आता मीच साडीला हात पुसत गॅलरीत उभी!

आठ वाजता एका पोलीस ठाण्यात फोन लावला. नाव घेत नाही.

"चार माणसं भीमाशंकरहून खांडसला उतरताना चुकलीत."

"वर आहेत की खाली?"

"मधे."

"मधे म्हणजे कुणाच्या हद्दीत? वर पुणे जिल्हा लागतो, खाली रायगड."

"अहो, तेच कळत नाहीये, म्हणून तर चुकलेत म्हणतेय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मला दुसरा नंबर देण्यात आला, जो लागला नाही. या भागाला एक तारा, तोही फोन उचलला म्हणून. नंतर ११२ लावला. तिथल्या मुलीने दोन मिनिटांत सगळं लिहून घेतलं, हद्द विचारली नाही, आणि रात्री बाराच्या सुमारास खांडसला मोटारसायकलवर एक हवालदार खरंच येऊन उभा राहिला. म्हणजे यंत्रणा चालते, फक्त कुठलं दार वाजवायचं ते माहीत पाहिजे.

तेवढ्यात शेजारचा ओंकार आला. इंजिनीअरिंगला आहे, रविवारी घरी सापडत नाही. तो म्हणाला, "काकू, गिर्यारोहकांची हेल्पलाइन आहे ना, तिकडे लावा." अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं बचावकार्यासाठी समन्वय केंद्र आहे, राज्यातल्या डोंगर चढणाऱ्या संस्था त्याला जोडलेल्या आहेत. फोन एका ठिकाणी येतो आणि जिथे घटना घडली त्याच्या जवळच्या पथकाकडे जातो. हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या ह्यांना चाळीस वर्षं डोंगरात जाऊन माहीत नव्हतं, त्याला काय म्हणायचं?

आता मूळ अभिप्राय.

फोनला पाच तारे. यात शंका नको. दहा मिनिटांत पथकातल्या एकाचा उलट फोन आला आणि त्याने पहिलंच वाक्य टाकलं ते असं : "काकू, तुम्ही बसून बोला, आणि कागद-पेन घ्या." एकवीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात पेन दिलं की आवाज खाली येतो. मग प्रश्न. चौघांची वयं. कुणाला काय आजार, गोळी कधीची. कपड्यांचे रंग. वर जाताना कुठला घाट धरला होता, शिडी की गणेश. त्यांनी शेवटची खात्रीने ओळखलेली जागा कुठली. कुणाकडे कुठल्या कंपनीचं सिम, कुणाच्या फोनची बॅटरी किती. प्रत्येक उत्तर तो परत म्हणून दाखवायचा. "चूक झाली तर सांगा" असं म्हणायचा नाही, नुसता थांबायचा. मी दोनदा दुरुस्ती केली. चौकशी कशी करावी याचा तो नमुना होता. आमच्या वेळी प्रशिक्षणाला ठाण्याहून साहेब यायचे, त्यांनी हे ऐकायला हवं होतं.

"कुलकर्णी भावोजींना साखर आहे" म्हटल्यावर तो पहिल्यांदा जरा थांबला. "खायला काय आहे त्यांच्याकडे?" मी म्हटलं, प्रसादाचे पेढे असतील. "किती?" आता पेढे किती हे मला कसं ठाऊक असणार. पण विचारलंन. नंतर समजलं की त्याच पेढ्यांवर भावोजींनी रात्र काढली, दर तासाला अर्धा, आणि शिंदे घड्याळ लावून देत होते.

मग त्याने चौघांच्या नंबरवर मेसेज टाकले. व्हॉट्सअॅप नाही, साधा एसएमएस. रेंजचा एखादा दांडा आला-गेला तरी तो पोचतो. मला वाचून दाखवला : आहात तिथेच बसा. तीन फोन बंद करा, एक चालू. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, आकडे येतील, ते एसएमएसने पाठवा. आकड्यांना नेट लागत नाही, आकाश दिसलं की पुरे, हेही मला त्याच रात्री कळलं.

आठ बावन्नला शिंद्यांच्या फोनवरून आकडे आले, पण माझ्या फोनवर. ते मी त्या मुलाला वाचून दाखवले. एकोणीस पॉइंट शून्य, पुढे चार आकडे. त्र्याहत्तर पॉइंट पाच, पुढे चार आकडे. मंडळाचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो मी रोज शंभर वेळा ऐकलाय, शंभर वेळा परत म्हटलाय. तीन-तीनचे गट करून, "सहा, षटकोनातला सहा" असं सांगत मी तो मजकूर त्याला दिला. तो म्हणाला, "काकू, एवढं स्वच्छ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पॉइंटनंतरचा तिसरा आकडा एकाने चुकला तरी शंभरेक मीटर इकडचं तिकडे होतं, आणि तिथे शंभर मीटरमध्ये कडा येतो." सेवानिवृत्तीच्या समारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं होतं. त्यापेक्षा हे जास्त लागलं.

शेवटचा प्रश्न त्याने ह्यांना विचारायला सांगितला होता, एसएमएसनेच : पाण्याचा आवाज डाव्या हाताला येतोय की उजव्या, आणि तुमची पाठ चढाकडे आहे की उताराकडे? उत्तर आलं : "डावा. पाठ चढाकडे." तो म्हणाला, "कळलं. पठारावरून उतरताना ढोरवाटेला लागलेत." घरात बसून! ओंकार त्याच्या आवाजाकडे नुसता बघत राहिला.

पावणेनऊला निघायचं ठरलं होतं, नऊ वाजले. ओंकारच्या वडिलांच्या गाडीतून बदलापूर, नेरळ, कशेळे करत आम्ही साडेअकराला खांडसला पोचलो. पथकाची मुलं तोवर वर गेली होती, आठजण. त्यांच्याही आधी वर वाडीतले दोघे निघाले होते, कारण पथकाने पहिला फोन तिथे केला होता. हे नीट लक्षात घ्या. शहरात आपण म्हणतो "रेस्क्यू टीम आली." दोरखंड, हेल्मेट, स्ट्रेचर घेऊन ती येतेच, पण अंधारात माग काढणारा माणूस वाडीतला असतो. त्याच्या हातात एक कोयता, डोक्याला घोंगडीची खोळ, पायात चप्पल. त्याने म्हणे वाटेच्या चिखलात शहरी बुटाची नक्षी पाहिली, एका ठिकाणी ती मूळ वाट सोडून वळलेली दिसली, आणि तो वळला.

खाली शाळेच्या ओसरीवर एक मुलगा थांबला होता. तो फोन आणि वॉकीटॉकी सांभाळणारा. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. त्याच्यापुढे दोनशे पानी वही, शाळकरी असते तशी, पाठीवर पाढे छापलेली. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले : वेळ, निरोप, कुणाकडून, शेरा. तक्रार रजिस्टर! मी त्याच्या शेजारीच बसले. तो दर निरोपाला आधी घड्याळ बघायचा, वेळ लिहायचा, मग बोलायचा. या एका गोष्टीसाठी मी कुणालाही पाच तारे देईन.

मधे चाळीस मिनिटं काहीच निरोप आला नाही. वजा करायचं तर हे करता येईल, की या चाळीस मिनिटांत आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलंही. तो म्हणाला, "काकू, ते दरीत उतरलेत, तिथून आवाज येत नाही. काही नाही म्हणजे काही नाही, वाईट नाही." बरोबरच होतं. पण बायकोला हे निघतानाच सांगून ठेवावं, ही माझी सूचना.

त्या चाळीस मिनिटांत मी वही चाळली. चाळू नये, पण सवय. पावसाळ्यातले रविवार ओळीने. धबधबा, तीनजण. किल्ला, रात्री खाली उतरता येईना, पाचजण. वाट चुकले, दोन मुली. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, "सुखरूप." काही ठिकाणी तो नव्हता. तिथे लिहिलं होतं "खाली आणले" आणि वेळ. मी वही मिटली. त्याने पाहिलं, पण बोलला काही नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, पहिल्यांदा तो गेला तो इर्शाळवाडीला. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, गाडी जात नाही तिथे, भर पावसात पायी चढले. पुढचं सांगितलंन नाही. सकाळी सहाची त्याची पाळी होती, तळोज्याच्या कारखान्यात. मी म्हटलं, बाळा, मग तू झोपतोस कधी? "सोमवारी," म्हणाला.

बारा वीसला वॉकीटॉकी खरखरली. "चारी भेटले. एकाचा घोटा गेलाय. बाकी ओके." त्याने लिहिलं, बारा वीस, आणि वही माझ्याकडे फिरवली. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. म्हणाला, "खाली आल्याशिवाय भरत नाही."

खाली यायला पहाटेचे सव्वाचार झाले. घोटा पाटणकरांचा, वजन ब्याऐंशी किलो. शिडीच्या बाजूने नेणं शक्य नव्हतं, म्हणून लांबच्या गणेश घाटाने, सहाजण आळीपाळीने. आमचे हे सगळ्यात शेवटी, दुसऱ्याच्या हेल्मेटमध्ये, थंडीने निळे-जांभळे. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस एवढ्या रात्री?"

इथे मी एक तारा कापते, आणि कारण स्पष्ट लिहिते. या मुलांपैकी कुणीही ह्यांना रागावलं नाही. एकानेही नाही. मी वाट बघत होते. तीन वाजता रांगेतून निघून कुणी तो घाट उतरतं का, सेल नवीन घ्यायला काय झालं होतं, मेसेजमध्ये बसा म्हटल्यावर वीस मिनिटं पुढे का गेलात (हो, गेले होते, कबूल केलंय). तर ती मुलं त्यांना चहा देत म्हणताहेत, "काका, होतं असं, आमचंही झालंय." मी इतक्या लांबून आले होते, एवढं तरी समाधान मिळायला हवं होतं. शेवटी ते मलाच गाडीत, नेरळपर्यंत, पुरवावं लागलं.

पैशाचं. मी पर्स उघडली तर तो वहीवाला दोन पावलं मागे सरला. घेत नाहीत. पेट्रोल त्यांचं, दोर त्यांचे, खाडा त्यांचा. माझी भाची इंग्लंडात लीड्सला असते, तिला सांगितलं तर म्हणाली तिकडेही तसंच. पोलिसांना फोन करून माउंटन रेस्क्यू मागायचं, येणारे सगळे स्वयंसेवक, बिल नाही. तिच्या जवळ यॉर्कशरच्या डोंगरात गुहांमध्ये अडकलेल्यांना काढणारी एक संस्था तर १९३५ पासून आहे. असेल. पण मला पावतीची सवय. फुकट घेतलेलं मला पचत नाही. खूप मागे लागले तेव्हा तो म्हणाला, "काकू, दोन गोष्टी करा. वाडीतल्या दोघांना तुमच्या हाताने काहीतरी द्या, त्यांचं नाव कुठे येत नाही. आणि काकांना डिसेंबरात परत पाठवा, वाट कुठे सुटली ते उजेडात दाखवायला."

पहिल्याचं केलं. दोन चांगल्या टॉर्च, चार्जिंगच्या, आणि घरचे बेसनाचे लाडू. त्यातल्या एकाने टॉर्च लावून बघितली, बंद केली, खिशात घातली आणि म्हणाला, "धुक्यात हिचा काय उपेग नाय ताई, उजेड आपल्याच तोंडावर येतो. पन घरात लागंल." म्हणजे माझ्या भेटवस्तूला तिथल्या तिथे अभिप्राय मिळाला.

दुसऱ्याचंही झालं. डिसेंबरात हे त्या दोघांबरोबर जाऊन आले. जिथे चुकले तिथे मूळ वाट म्हणे फक्त चार पावलांवर होती, एका जांभळीच्या पलीकडे. तिथे आता ढोरवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या आडव्या टाकल्यात. ह्यांनी फोटो काढून आणलाय. नुसत्या फांद्यांचा फोटो, पण सगळ्यांना दाखवतात.

एक तक्रार उरली, ती पथकाबद्दल नाही. त्या रात्री ह्यांच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी ह्यांचा फोटो टाकून "हरवले आहेत, कृपया पुढे पाठवा" असं केलं. लोकांनी पाठवलं. पथकाचा एकच फोन चालू ठेवायचा होता, त्यावर रात्रभर अनोळखी लोकांचे फोन, "सापडले का?" जानेवारीत मला सांगलीहून फोन आला. मी म्हटलं, सापडले, समोर बसून मटार सोलताहेत.

वहीवाल्याने निघताना मला एक नियम सांगितला होता, तो मी जशाच्या तसा पाळते. घरातून निघतानाच वेळ ठरवायची. त्या वेळेला फोन आला नाही की अर्धा तास, त्यानंतर विचार करायचा नाही, लावायचा. "आम्ही अर्ध्या वाटेवरून परत आलो तर चालतं," म्हणाला. "पाऊण तास उशिरा कळलेलं चालत नाही."

या शनिवारी राजगड ठरलाय. गुंजवण्यातून वर, पाली दरवाजाने खाली, चौघांची नावं, सिम कुणाचं कुठलं, गोळ्या, सेल नवीन. ह्यांनी सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलंय, शेवटी "फोन : सात." त्याच्याखाली मी लाल पेनाने साडेसात लिहिलंय आणि शेजारी हेल्पलाइनचा नंबर.